याएल, सहा नग

तारेचा एक स्टँड. उजवीकडे फिरवला की गपचूप फिरतो, डावीकडे फिरवला की किरकिरतो.

डोंगरी बकरीला कड्यावर उभं राहायला काड्यापेटीएवढी जागा पुरते.

पलंगाखाली बुटांचे सात खोके. एकातही बूट नाहीत.

सरकारी यादी, गेल्या वर्षी जन्मलेल्या मुली: सारा, आठशे बारा. याएल, चार.

चार ओळींचं पत्र. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नाही.

‘चोरीला गेलं तरी विकलं गेलं असंच धरायचं.’ हे थोरल्या मालकांचं वाक्य. थोरले मालक गेले, वाक्य राहिलं.

*

हे सगळं एकाच बाईचं आहे, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

कारखान्यात तिला सगळे कार्डवाली म्हणत. कारखाना म्हणायचा एवढंच, होत्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत पातळ लाकडी फळीतून नावं कापणारं मशीन, त्याचा जळकट वास, आणि सगळ्यांच्या केसांत बारीक भुसा. मागच्या खोलीत ती नावं कडीत अडकवायची, मागे कार्ड लावायचं, पाकिटात घालायची. नावांच्या कीचेन. दोनशे चाळीस नावं, प्रत्येक नावाला स्टँडवर एक हूक, हूकवर सहा नग. असे साठ स्टँड साठ दुकानांत उभे होते: बसस्थानकं, पेट्रोल पंप, इस्पितळांच्या तळमजल्यावरची बिस्किटं-वर्तमानपत्रांची दुकानं. जिथे माणूस कशाची तरी वाट बघत उभा असतो तिथे स्टँड ठेवायचा, हेही थोरल्या मालकांचंच. वाट बघणारा माणूस स्टँड फिरवतो आणि आपलं नाव शोधतो.

कार्डाच्या मागच्या तीन ओळी बाई लिहायची. अर्थ, इतिहास, लोकप्रियता. चाळीस शब्दांच्या वर एक शब्द चालत नसे. अठरा वर्षांत तिने साडेपाचशे नावं चाळीस-चाळीस शब्दांत बसवली होती आणि आता कोणी नवा माणूस ओळख करून द्यायला लागला की तिच्या मनात आधी त्याच्या नावाच्या तीन ओळी तयार होत.

तिची स्वतःची मुलगी एकच. तिचं नाव बाईने, पोटात असतानाच, वाचनालयातल्या नावांच्या जाड पुस्तकातून काढलं होतं. नवऱ्याला सारा हवं होतं.

“साधं आहे, सगळ्यांना म्हणता येतं,” तो म्हणाला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. जे सगळ्यांना वापरता येतं ते चांगलं, असा त्याचा हिशोब.

“सारा म्हणून हाक मारली की रस्त्यात सहा जणी वळून बघतील,” बाई म्हणाली.

“आणि तुझ्या याएलला हाक मारली की?”

“एकच वळेल. आपली.”

आता सहा वर्षं झाली, कोणी वळत नव्हतं.

*

पहिलं कार्ड, जसं छापलं गेलं तसं:

याएल. अर्थ: डोंगरी बकरी, मूळ हिब्रू. काही जण ‘वर चढणारी’ असाही धागा जोडतात. इतिहास: फार प्राचीन. लढाईच्या एका जुन्या कथेत तंबूत राहणाऱ्या या नावाच्या बाईने सेनापतीला दूध पाजलं. पुढचं कार्डावर मावत नाही. लोकप्रियता: दुर्मीळ.

थोरल्या मालकांनी ते वाचून चष्मा काढला होता. “अहो, बकरी? लोक पोरीला वाढदिवसाला बकरी देतील?”

“अर्थ तोच आहे, मालक.”

“असेल. पण अर्थ सांगायलाच पाहिजे का?”

बाईने शब्द बदलला नाही. बाकी दोनशे एकोणचाळीस कार्डांवर तिने बरीच गोडीगुलाबी केली होती; ज्या नावाचा अर्थ ‘थकलेली’ त्याला ‘शांत डोळ्यांची’ केलं होतं. इथे मात्र नाही. कारण दुसरीत असताना वर्गातली पोरं बें-बें करून चिडवतात म्हणून मुलगी रडत घरी आली, तेव्हा तिने तिला मांडीवर घेऊन चित्रांच्या पुस्तकात ती बकरी दाखवली होती. उभा कडा, खाली दरी, आणि मधोमध, भिंतीवर डास बसावा तशी, शिंगं वळवलेली बकरी. “तिथे वाघही जाऊ शकत नाही,” ती म्हणाली होती. “मग ती खाली कशी येते?” मुलीने विचारलं होतं. बाईने ते पान उलटलं होतं, कारण पुस्तकात तसं काही दिलं नव्हतं.

*

मुलगी लहान असताना प्रत्येक स्टँड फिरवायची. बस सुटायला आली तरी फिरवायची. आई कीचेनच्या कारखान्यात आणि आपलं नाव कुठेच नाही, हा तिच्या मते सरळसरळ अन्याय होता. “तुझ्या मालकांना सांग ना,” ती म्हणायची. बाई, कोणाचं ते न सांगता, नाव सुचवायची. मालक सरकारी यादी उघडून दाखवायचे: सात, पाच, नऊ. एवढ्याशा मुलींसाठी हूक अडवता येत नाही. चौदाव्या वर्षी मुलीने स्टँड फिरवायचं सोडलं, म्हणजे आईसमोर तरी सोडलं. एकटी असताना ती जाता जाता एक बोट लावून स्टँड फिरवते, हे बाईने एकदा रस्त्यापलीकडून पाहिलं होतं.

एकोणिसाव्या वर्षी भांडण झालं. कशावरून, ते सांगण्यात अर्थ नाही. मुलीने शिक्षण सोडलं होतं आणि एका माणसाबरोबर राहायला जायचं म्हणत होती, तो माणूस पुढे महिनाभरही टिकला नाही. भांडणं त्याआधीही व्हायची. या वेळी बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, आवाज न चढवता, म्हणाली की तू गेलीस तर या घरात तुझं नाव कोणी घेणार नाही. वाक्य तोंडातून गेलं आणि तिला ते परत घ्यायचं होतं, पण मुलगी तिच्याकडे बघत होती, आणि बघणाऱ्यासमोर माघार घ्यायची बाईला सवय नव्हती.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. मी ठीक आहे. शोधू नका. मैत्रिणींना विचारू नका. वाटलं तर मी येईन.

पोलिसांनी ते पत्र वाचून परत दिलं. मुलगी सज्ञान आहे, स्वतःहून गेली आहे, आम्ही काय करणार, असं म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बाईने शोधलं नाही. मुलीच्या शब्दाला जागली. पण नाव लावू नका असं पत्रात कुठे लिहिलं नव्हतं. ती थोरल्या मालकांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिने घरची गोष्ट सांगितली. त्यांनी यादी उघडलीच नाही. “एक वर्ष ठेवून बघू,” म्हणाले. “पण छाटणीत टिकलं पाहिजे हं. तिथे मी काही करू शकत नाही.”

*

छाटणी वर्षातून एकदा व्हायची. शेवटची वीस नावं स्टँडवरून जात, त्यांच्या जागी यादीतली नवी वीस येत. आणि विक्री मोजायची पद्धत अशी, की मोजायचीच नाही. साठ दुकानं फिरणारा जो माणूस होता, त्याला भोवरा म्हणत, तो पाच-सहा आठवड्यांनी प्रत्येक दुकानात जायचा. हूकवर किती उरलेत ते बघायचा, सहापर्यंत भरायचा. जेवढे भरले तेवढे विकले. दुकानदाराला विचारायचं नाही, गल्ल्यात बघायचं नाही.

म्हणजे हूक रिकामा तर नाव चालतंय. हूक भरलेला तर नाव मेलं.

पहिल्या वर्षी बाईने हे ध्यानात घेतलं आणि रविवारी पिशवी घेऊन बाहेर पडली. बसने जाऊन संध्याकाळच्या आत परत येता येईल अशी चौदा दुकानं होती. ती प्रत्येक ठिकाणी याएल घ्यायची. कधी तीन, कधी सहाच्या सहा. कुठे भाचीसाठी, कुठे वर्गातल्या मुलींसाठी. एका पंपावरच्या पोराला तिने सांगितलं की आमच्या गावात हे नाव फार आहे. रीतसर पैसे देऊन. वर्षाकाठी सत्तरच्या आसपास. तेवढ्यात नाव एकशे नव्वदाव्या, दोनशेव्या जागी तग धरायचं.

घरी आणलेलं सगळं बुटांच्या खोक्यांत जायचं. नवरा बघायचा. एकदाच म्हणाला, “सारा ठेवलं असतं तर हा उद्योग नसता लागला.” मग स्वतःच उठून तिला खोका रिकामा करून दिला, त्यात त्याचे जुने पान्हे होते.

सहा वर्षं टिकलं. थोरले मालक वारले, त्यांची मुलगी कारभार बघायला लागली, तिला सगळे धाकट्या बाई म्हणत, तरी टिकलं. बाईने कार्डावरची शेवटची ओळ बदलून ‘लोकप्रियता: वाढती’ केली. अठरा वर्षांत कार्डावर तिने लिहिलेला हा एकमेव धडधडीत खोटा शब्द.

*

आता ती सकाळ.

छाटणीला वीस दिवस राहिले होते. भोवरा आपले कागद घेऊन आला आणि बाईच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला, त्याला धाकट्या बाईंच्या खोलीत बसायला अवघडायचं.

“ताई, यंदा गंमत आहे,” तो म्हणाला. “सारा घसरली. आठशे पोरी जन्मल्या, पण म्हातारे आजोबा तरी किती वेळा सारा घेणार. आणि हे तुमचं बघा, याएल. गावात मिळून एकसष्ट. बाहेरगावी शून्य. शेहेचाळीस दुकानांत धूळ खातंय, मी फडक्याने पुसतो आणि पुढे जातो. आणि इथे चौदा दुकानांत टिकत नाही. अशी कुठली वस्ती आलीये इथे?”

“असेल एखादी,” बाई म्हणाली आणि कागद पुढे ओढला.

“अरे हो. त्याची चौकशीसुद्धा झाली होती. सांगायचं राहिलं.”

“कसली चौकशी?”

“मागच्या खेपेला. एक पोरगी स्टँडपाशी उभी होती, मी खाली बसून भरत होतो. तिने स्टँड फिरवला, खालच्या रांगेत रिकामा हूक होता, त्याच्यावरची चिठ्ठी वाचली. मला म्हणाली, हे नाव संपलं का? मी म्हटलं, हो बाई, टिकतच नाही. तर हसली. म्हणाली, टिकत नाही? म्हटलं, खरं सांगतो, पेटीतलेसुद्धा आधीच्या दुकानात संपले. पुढच्या खेपेला या.”

बाईने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. ते घरंगळून खाली गेलं. दोघांपैकी कोणी उचललं नाही.

“आणखी काय म्हणाली?”

“काही नाही. हां, विचारलं, मागे बकरी असं लिहिलंय का?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“मला काय माहीत, ताई. मी कुठे वाचतो ते. म्हटलं, काहीतरी चांगलंच लिहिलं असेल.” त्याने तिच्याकडे नीट बघितलं. “बकरी लिहिलंय की काय?”

“दिसायला कशी होती?”

“पोरीसारखी. आखूड केस. पाठीवर पिशवी. पंचवीसेक असेल.”

“उंच?”

“मी खाली बसलो होतो, मला सगळेच उंच.”

“कुठलं दुकान?”

भोवऱ्याने वर बघितलं, गाल फुगवले. एका खेपेत साठ दुकानं. त्याच्या डोक्यात ती सगळी एकाच दुकानासारखी झाली होती. बाईने त्याचा दंड धरला, आणि हे तिने कधीच केलं नव्हतं म्हणून तो दचकला.

“भाऊ, आठवा.”

“गावातलंच. पेटीतले संपले होते म्हणजे शेवटच्या तिनांतलं. इस्पितळ, बसस्थानक, नाहीतर पोहण्याच्या तलावाचं. तिन्हीकडे मागे तसल्याच ट्यूबलाइट, ताई, मी खरंच सांगू शकत नाही. का, ओळखीची होती?”

बाई उठली, मागच्या खोलीत गेली, भुशाच्या पोत्यांमागे जाऊन उभी राहिली.

तिला हिशोब करायचा नव्हता पण तो आपोआप होत होता. बाहेरगावच्या शेहेचाळीस दुकानांत याएल भरलेलं होतं, सहाच्या सहा, धूळ पुसून. तिथे मुलगी गेली असती तर तिला नाव दिसलं असतं. मुलगी तिथे गेली नाही. मुलगी इथे आली, घरापासून बसने पाऊण तासावर, आणि तिने स्टँड फिरवला, आणि जिथे नाव असायला हवं होतं तिथे तारेचा एक रिकामा तुकडा होता. तो आईने रिकामा केला होता. सहा वर्षं, दर रविवारी, डोळ्यांत तेल घालून, नेमका हाच गाव तिने साफ करून ठेवला होता.

पोत्याला तिने कपाळ टेकलं. भुसा ओलसर आणि गार होता.

*

“किती आहेत?” नवऱ्याने विचारलं.

“चारशे बारा.”

दुपारच्या उन्हात पलंगावर सगळी पाकिटं पसरली होती. गुडघे दुखतात म्हणून तो एरवी खाली वाकत नसे. आज सातही खोके त्यानेच ओढून काढले होते.

“परत नेऊन लावायचे,” बाई म्हणाली. “चौदाही ठिकाणी. उद्यापासून. ती परत आली तर दिसलं पाहिजे.”

“आणि छाटणी?”

“हूक भरलेले दिसले की नाव जाईल.”

“मग?”

“मग काय. वीस दिवस दिसेल, नंतर कायमचं जाईल. नाहीतर रिकामं ठेवते, म्हणजे नाव राहील आणि कोणाला दिसणार नाही.” तिने हातातलं पाकीट पलंगावर टाकलं. “तुम्ही सांगा काय करू. एकदा तरी तुम्ही सांगा.”

त्याने एक पाकीट उचललं, उलटं केलं, लांब धरून वाचलं. सहा वर्षांत पहिल्यांदा वाचत असावा.

“वाढती,” तो म्हणाला.

“काय?”

“लोकप्रियता वाढती म्हणे.” त्याने पाकीट खाली ठेवलं. “लाव. दिसू दे. भोवरा म्हणाला ना पुढच्या खेपेला या म्हणून. ती येईल तर तेव्हाच येईल.”

“ती नव्हतीच असं असलं तर?”

“बकरीचं विचारलं ना.”

“कोणतीही याएल विचारेल. शाळेत सगळ्यांनाच चिडवत असतील.”

“गेल्या वर्षी किती झाल्या? चार? आणि पंचवीस वर्षांपूर्वी?”

“सात.”

“मग सातातली एक. आपली नसायला सहा, असायला एक.” तो आयुष्यभर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलत आला होता, घाबरलेल्या माणसाला आकडा द्यावा, हे त्याला ठाऊक होतं. “लिफ्टमध्ये याहून वाईट असतं.”

मग तिने पाकिटं उघडायला घेतली. नुसतं लटकवून काय उपयोग, तिचं म्हणणं, तिला कळायला हवं. ती कार्डाच्या कोऱ्या कडेवर लिहायला बसली आणि थांबली. चुकलं माझं, असं लिहिलं आणि कोण्या परक्या आजोबाने नातीसाठी घेतलं तर ती पोर काय समजेल. घरी ये, असं लिहिलं तर शोधल्यासारखं होईल. आणि कडेला जागा किती, तर नखाएवढी. चाळीस शब्दांत जग बसवणारी बाई दोन शब्दांसाठी दुपारभर बसून राहिली. चार कार्डं फाडली. पाचवं हातात धरून ती रडायला लागली, तसं नवऱ्याने ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या मेकॅनिकी अक्षरात, ठळक, लिहिलं: पत्ता तोच.

“बाकी तिला माहीत आहे,” तो म्हणाला.

दोघांनी मिळून एकशे चाळीस कार्डांवर तेच लिहिलं. एका हूकवर ओढूनताणून दहा नग बसतात. चौदा दाहे एकशे चाळीस.

*

दुकानातून वस्तू गुपचूप उचलणं सोपं असतं असं म्हणतात. गुपचूप ठेवणं महाकठीण. बसस्थानकातल्या दुकानदाराने तिचा हात हूकवर असतानाच हटकलं.

“ओ बाई, काय काढताय?”

“काढत नाही. ठेवतेय.”

“ठेवताय?” तो गल्ल्यामागून बाहेर आला. “वीस वर्षं दुकान चालवतोय. लोक नेतात. ठेवायला आलेल्या तुम्ही पहिल्या.”

“मी कारखान्यातली आहे. माल कमी होता.”

“तो भरायला माणूस येतो ना, गरगर फिरणारा?”

“तो आजारी आहे,” बाई म्हणाली आणि मनातल्या मनात भोवऱ्याची माफी मागितली. मग राहवलं नाही. “इथे एक मुलगी येते का? आखूड केस, पाठीवर पिशवी. हा स्टँड फिरवते?”

“बाई, हे बसस्थानक आहे. इथे सगळ्यांच्याच पाठीवर पिशव्या.”

इस्पितळात तिने अकरा ते एक उभं राहून वाट बघितली, पोहण्याच्या तलावावर शाळेची पोरं सुटेपर्यंत. कामाला दांडी. पुढच्या दिवशीही दांडी. आखूड केसांच्या नऊ मुली मोजल्या. एकीच्या मागे ती रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानापर्यंत गेली आणि ती वळली तेव्हा तिला दात पुढे असलेला एक अनोळखी चेहरा दिसला, आणि बाईने त्या चेहऱ्याला किती वाजले ते विचारलं.

*

भोवऱ्याचा तक्ता, छाटणीच्या आधीचा शेवटचा, याएलची ओळ:

बसस्थानक, उणे चार. इस्पितळ, उणे तीन. तलाव, उणे चार. वाचनालय, उणे चार.

पुढेही तसंच. खाली त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं: सहा असायला हवेत, दहा सापडले. नाव पिल्लं घालतंय काय?

*

धाकट्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर तक्ता होता, आणि शेजारी एक याएल, कार्ड वर करून. कोणा गिऱ्हाइकाने परत आणून दिलेलं: यावर कोणीतरी काहीतरी खरडलंय.

“मावशी, बसा.” धाकट्या बाई लहानपणी याच खोलीत टेबलाखाली खेळायच्या, बाईने त्यांच्या वेण्या घातल्या होत्या. “हे अक्षर तुमचं नाही. पण काम तुमचं आहे. हो ना?”

बाईने नाकारलं नाही. सांगायला लागली आणि सगळं सांगितलं, चौदा दुकानं, खोके, सहा वर्षं. सांगताना ती टेबलाच्या कडेचा एक सुटा पापुद्रा नखाने काढत राहिली.

“थांबा,” धाकट्या बाई म्हणाल्या. “पिटुकली? पिटुकलीचं नाव याएल होतं?”

“इथे सगळे पिटुकलीच म्हणायचे.”

“मला वाटायचं ती लग्न करून कुठेतरी…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. तक्त्यावरच्या ओळीवरून बोट फिरवलं. “म्हणजे मावशी, हे नाव कधी खपलंच नाही. सहा वर्षांत एकही नाही.”

“नाही.”

“मी याचे चहाचे मग काढणार होते. लाकडी पाट्या काढणार होते. लोकांना सांगत होते, बघा, दुर्मीळ नावांना मागणी आहे.”

“मला एक वर्ष द्या.”

“मावशी.”

“एक वर्ष नको. सहा महिने. ती येऊन गेली आहे हो. ती परत येईल तेव्हा हूकवर दुसरं नाव असेल तर ती काय समजेल? आधी संपलं होतं, आता काढून टाकलं. मी तुमच्याकडे अठरा वर्षांत काही मागितलं नाही. वडिलांकडेही एकदाच मागितलं.” ती खुर्चीतून उठली होती आणि ते तिला कळलंही नव्हतं. “पाया पडू का? पडते.”

धाकट्या बाईंनी तिला दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवलं. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या वडिलांची मुलगी होत्या.

“दुकानदारांशी करार यादीवर आहे. वरची दोनशे चाळीस. मी एक नाव मनाने ठेवलं की उद्या प्रत्येक जण आपली पोर घेऊन येईल. भोवऱ्याला तीन नाती आहेत. मी नाही ठेवू शकत, मावशी.” मग म्हणाल्या, “जे टांगलंय ते मी काढायला सांगणार नाही. नवा माल जाईल तेव्हा जाईल. आणि कामावरून तुम्हाला काढत नाहीये, तसं मनात आणू नका.”

बाईच्या मनात ते आलंही नव्हतं.

*

त्या वर्षी वीस नावं गेली, वीस आली. नव्या नावांची कार्डं तिनेच लिहिली. खालच्या रांगेतल्या त्या हूकवर मिला आली. अर्थ: प्रिय, असं तिने लिहिलं, आणि लोकप्रियता: झपाट्याने वाढती, आणि हे खरं होतं, नऊशे तीन मुली.

खोक्यांत दोनशे बहात्तर नग उरले. ती अजून रविवारी निघते. आता तीनच दुकानं. पिशवीतून एक याएल काढते आणि मिलाच्या पुढे, त्याच हूकवर, अडकवते. पुढच्या रविवारी ते बहुतेक गल्ल्यामागच्या, हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात सापडतं, कधी सापडत नाही. बसस्थानकातला दुकानदार आता हटकत नाही. हात पुढे करतो, ती त्याच्या हातात देते, तो स्वतः अडकवतो.

“ताई, ते नाव आता येत नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

मागच्या रविवारी इस्पितळातला नग हूकवर नव्हता. खोक्यातही नव्हता. त्यात मोडकी छत्री आणि चुरगळलेली वर्तमानपत्रं होती, तिने तीही उचलून बघितली.

“गेला कोणीतरी घेऊन,” दुकानातला माणूस म्हणाला.

“कोण?”

“गर्दी होती.”

“बाई होती की बाप्या? आखूड केस होते का?”

“अहो, मी पैसे घेतो, तोंडं बघत नाही.” मग तिचा चेहरा बघून त्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं. “बसा दोन मिनिटं. पाणी देऊ?”

ती बसली नाही. स्टँड धरून उभी राहिली, आणि तिच्या भाराने तो आपोआप, डावीकडे, किरकिरत फिरायला लागला, तेव्हा तिने हात काढून घेतला. मग पिशवीत हात घालून दुसरा नग काढला.

घर सोडलं त्या सकाळी मुलीने दार बाहेरून ओढून घेतलं होतं, आणि आपली किल्ली, कीचेनशिवाय सुटीच, दाराखालच्या फटीतून आत सरकवली होती.